संक्रांतीची नजर आणि पाचावरची धारण

माझ्या लहानपणी आमच्या घरी संक्रांतीच्या आदल्या रात्री पंचांग वाचण्याची रीत होती. आजी चुलीपुढे तीळ भाजत बसे, बाबा कंदिलाजवळ पंचांग उघडून संक्रांतीचे वर्णन वाचत आणि आजी एकेका ओळीवर आपला निकाल देत असे. संक्रांत कोणत्या वाहनावर बसली आहे, कोणते वस्त्र नेसली आहे, हातात काय धरले आहे, काय खाते आहे, कोणत्या दिशेकडून आली आणि कोणत्या दिशेला पाहते आहे, हे सगळे त्या अर्ध्या पानात लिहिलेले असे. ती जे नेसते आणि जे खाते ते महाग होते किंवा नासते, आणि ती जिकडे पाहते त्या मुलखाचे वर्ष वाईट जाते, अशी समजूत होती. "यंदा पिवयं नेसली बाप्पा, हयद महाग होईन," असे म्हणून आजी तिळाची कढई उतरवत असे. पण तिचा खरा जीव शेवटच्या ओळीत अडकलेला असे. बाबा वाहन आणि उपवाहन वाचू लागले की ती मध्येच म्हणे, "कोनीकडं पाह्यते, थे वाच आधी."

पुढे मी तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवू लागलो आणि वाक्प्रचारांचा पाठ आला की 'संक्रांत येणे' याचा अर्थ सांगताना मुलांना पानिपतची गोष्ट सांगू लागलो. १४ जानेवारी १७६१, मकरसंक्रांतीचा दिवस, त्या दिवशी मराठ्यांची एक पिढी कापली गेली आणि तेव्हापासून कोणावर मोठे संकट कोसळले की 'संक्रांत आली' असे म्हणू लागले, ही ती गोष्ट. मला ती माझ्या गुरुजींनी सांगितली होती, त्यांना त्यांच्या गुरुजींनी सांगितली असणार. ती सांगताना वर्ग शांत होत असे. 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या' हे शब्द आले की मागच्या बाकावरची मुलेही वर पाहत. इतकी चांगली गोष्ट खोटी असेल असे मला कित्येक वर्षे वाटले नाही.

शंका काढली ती नववीतल्या एका मुलीने. आमच्या भागात १२ जानेवारीला शाळेत दुहेरी कार्यक्रम असतो. सिंदखेडराजा विदर्भातलेच असल्यामुळे जिजाऊंची जयंती घरच्या कार्यासारखी होते आणि त्याच दिवशी स्वामी विवेकानंदांचीही जयंती असते. ही मुलगी विवेकानंदांवर भाषण करणार होती. त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, असे तिने कागदावर लिहून आणले होते. तो कागद मला दाखवताना ती थांबली आणि म्हणाली, "सर, विवेकानंदाच्या टायमाले संक्रांत बारा तारखेले होती काय? मंग पानिपतच्या येळेस चौदाले कशी?"

मी तिला दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो आणि घरी येऊन हिशेब मांडला. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने येते, तर आपली भिंतीवरची दिनदर्शिका ऋतूंच्या हिशेबाने चालते. सूर्याला आकाशातल्या त्याच ताऱ्यापाशी परत येण्यास जे वर्ष लागते, ते दिनदर्शिकेच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे, आणि हा फरक साठत जाऊन साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. म्हणूनच १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, आमच्या लहानपणी १४ला ठरलेली असे आणि अलीकडे पुष्कळदा १५ला येते. हाच हिशेब, लीप वर्षांमुळे होणारे मागेपुढे धरून, उलटा मागे नेला तर १७६१ साली संक्रांत ९ किंवा १० जानेवारीला येते. पानिपतची लढाई झाली त्या दिवशी, शके १६८२च्या पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, संक्रांत उलटून चार-पाच दिवस झाले होते.

मग 'संक्रांत आली' हा शब्दप्रयोग कुठून आला, याचे उत्तर आजीच्या चुलीपुढेच होते. जी बाई जिकडे पाहते तिकडे नाश होतो, आणि जिने संक्रांतीच्या दिवशी संकरासुराला व दुसऱ्या दिवशी किंकरासुराला मारले अशी कथा सांगतात, तिची नजर आपल्यावर पडणे म्हणजेच संक्रांत येणे. त्यासाठी पानिपतावर जाण्याची गरज नव्हती. ज्या घरात दरवर्षी ते अर्धे पान वाचले जात होते, त्या घरातला माणूस वर्गात उभा राहून पानिपत सांगत होता, याची मला आजही रुखरुख लागते.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. बोलण्यातल्या एखाद्या जुन्या प्रयोगामागे दोन गोष्टी सांगितल्या जात असतील, एक राजवाड्यातली किंवा रणांगणावरची आणि दुसरी चुलीजवळची, बाजारातली किंवा शिवारातली, तर आपण पहिलीकडे ओढले जातो. तिच्यात नावे असतात, तारीख असते, रक्त असते. 'ध चा मा करणे' याचेच पाहा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याबद्दल रघुनाथरावांना दोषी धरले, हा इतिहास आहे. पण आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केले हा भाग लोकांच्या तोंडी जितका पक्का आहे तितका इतिहासकारांच्या हाती कधीच पक्का झाला नाही. तरीही त्या एका अक्षराने एका बाईचे नाव अडीचशे वर्षे काळे करून ठेवले आहे. म्हणून मला असे वाटते की एखाद्या वाक्प्रचाराची जन्मकथा सांगणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. चुकीच्या कथेचा दोष कोणाच्या तरी माथी बसतो, आणि खरी कथा ज्यांच्या कामातून आली त्यांचे काम विसरले जाते.

'पाचावर धारण बसणे' हा प्रयोग मला या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामागच्या तिन्ही गोष्टी आपल्याच घरादारातल्या आहेत आणि तरी त्यांचे आपसात पटत नाही. कोणी फार घाबरला की त्याची पाचावर धारण बसली असे आपण म्हणतो. जुन्या मराठीत धारण म्हणजे बाजारभाव. हा भाव आजच्यासारखा सांगत नसत. आज कापसाचा भाव क्विंटलला इतके रुपये असा निघतो आणि आकडा वाढला म्हणजे भाव वाढला. जुना बाजार रुपयाला किती शेर धान्य मिळते ते सांगत असे, म्हणजे आकडा जितका लहान तितके धान्य महाग. सुगीत रुपयाला वीस-पंचवीस शेर मिळणारी ज्वारी उतरत उतरत पाच शेरांवर आली की घरातली बाई हातातले सूप खाली ठेवत असणार. धारण पाचावर बसली, म्हणजे दुष्काळ दारात आला.

माझ्या आजोबांचे गावात धान्याचे लहानसे दुकान होते आणि त्यांची लोखंडी पायली अजून माझ्याकडे आहे. चार शेरांची पायली. तिच्या तोंडाची कड एका बाजूने झिजून पातळ झाली आहे, कारण पायली भरली की ते उजव्या हाताची आडवी बाजू त्याच अंगाने फिरवून माप सपाट करीत. ओळखीच्या माणसाला मात्र हात न फिरवता वर शीग ठेवून देत, आणि 'शिगोशीग' हा शब्द मला त्या पायलीवरूनच कळला, तो कोणी समजावून द्यावा लागला नाही. १९५८पासून दशमान वजने येऊ लागली आणि हळूहळू ती पायली कोपऱ्यात गेली. ती हातात घेतली की रुपयाला सव्वा पायली एवढेच धान्य म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसते. वर्गात मी ती घेऊन जातो. पाच शेर ज्वारी टेबलावर ओतली आणि सहा माणसांच्या घरात ही किती दिवस पुरेल असे विचारले की मुले आपल्या घरच्या भाकरी मोजू लागतात.

असे असले तरी या अर्थात एक अडचण आहे आणि ती मी मुलांपासून लपवत नाही. आपण नुसते 'पाचावर धारण बसली' असे म्हणत नाही, 'त्याची' बसली असे म्हणतो. बाजारभाव गावाचा असतो, तो एका माणसाचा कसा असेल? ही अडचण मी एकदा आमच्या गावच्या म्हाताऱ्या वाढईबुवांपुढे, म्हणजे सुतारापुढे, मांडली. ते अंगणात वखराचे जू तासत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "मास्तर, धारन म्हंजे खांब. मयालीखाली उभा करतो थो. ज्या घराले सहा खांब लागतात थे पाचावर ठेवलं त पहिल्या पावसात बसते." मयाल म्हणजे छपराचा भार घेणारी आडवी तुळई. मातीचे घर कोसळले म्हणजे आमच्याकडे घर बसले असेच म्हणतात. वाढईबुवांचा अर्थ घेतला तर 'त्याची' हा शब्दही नीट जागी बसतो आणि 'बसणे' हे क्रियापदही. काही जण तिसराच अर्थ सांगतात, की पाच म्हणजे पंचप्राण आणि भीतीने माणूस जेमतेम त्या पाचांच्या धारणेवर उरतो. मला हा तिसरा अर्थ मागाहून, पोथीवाचकांनी लावलेला वाटतो, कारण त्यात कुठलीच वस्तू हाताला लागत नाही. पहिल्या दोघांत माझे मन भावाकडे झुकते. दुष्काळात 'तुझ्या घरची धारण काय' असे एकमेकांना विचारणारी माणसे असतील तर भावही घराघराचा होतो. पण वाढईबुवांनी जू बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी हवेत मयाल पेलून, सहावा खांब कुठे कमी पडतो ते मला दाखवले होते आणि ते दृश्य मी खोडून काढू शकलेलो नाही.

'नमनाला घडाभर तेल' या म्हणीचा निवाडा मला सोपा वाटतो. तिचा संबंध कोणी देवळातल्या पूजेशी लावतात आणि कोणी खेळाच्या आरंभीच्या नमनाशी. ज्याने झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर चालणारी दंडार, तिथले लोकनाट्य, पाहिली आहे किंवा जुन्या माणसांकडून ऐकली आहे, त्याला हा वाद पडणार नाही. वीज नव्हती तेव्हा खेळ टेंभ्यांच्या उजेडात होत असे. काठीला चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, त्यावर टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, किंवा करंजाचे तेल ओतत राहायचे, आणि एक माणूस केवळ त्याच कामाला उभा ठेवायचा. गण, नमन, गावातल्या देवांची नावे, पाटलाचे नाव, असे करत नमनच लांबले तर मुख्य वग सुरू होण्याआधी तेल संपून जाई. देवळातल्या समईला घडाभर तेल वर्षभर पुरते, टेंभा मात्र ते एका रात्रीत पितो. म्हणीतला घडा टेंभ्याचाच असला पाहिजे.

शिवारातली कथा आणि राजवाड्यातली कथा यांची ओढाताण आमच्याकडे पोळ्यानंतर दरवर्षी पाहायला मिळते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी विदर्भातल्या प्रत्येक मुलाने मारलेली असते, आणि घरात कोणी उपद्रवी पाहुणा आला तर 'आली मारबत' असे बायका हळूच म्हणतात. नागपुरात काळी मारबत, म्हणजे काळ्या रंगाचा मोठा पुतळा, मिरवत निघते. ती म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली बांकाबाई असे काही जण सांगतात, तर काही जण ती पूतना असल्याचे सांगतात. आमच्या खेड्यात बांकाबाईचे नाव कोणाला ठाऊक नाही. पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या डहाळ्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडण्याच्या आत त्या उचलून, खोकला, ढेकूण, माशा यांची नावे घेत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या, एवढेच आम्हाला ठाऊक. भाद्रपदाच्या तोंडाशी, घरात ओल असताना आणि पोरे तापाने फणफणत असताना, ही आरोळी कोणाला उद्देशून होती हे सांगायला राणीची गरज पडत नाही. बांकाबाईवरचा राग खरा असेल, पण तो आधीच चालू असलेल्या आरोळीवर येऊन बसला असे मला वाटते.

राहता राहिले आमच्या मुलखाच्याच नावाचे. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' हे ऐकत आम्ही मोठे झालो. आमचे गाव वर्धा नदीच्या काठावर आहे आणि त्याच नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर. त्यामुळे आमच्याकडे एक कथा ठाम सांगितली जाते की रुक्मिणीसाठी कृष्णाचे वऱ्हाड इथे आले म्हणून या मुलखाचे नाव वऱ्हाड पडले. कार्तिकात कौंडिण्यपूरच्या यात्रेला गेलेली आमची माणसे ती कथा इतक्या मायेने सांगतात की तिला हात लावू नये असे वाटते. परंतु अबुल फजलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी'त या सुभ्याचे मूळ नाव 'वरदातट' असे दिले आहे, म्हणजे वरदा नदीचा काठ, आणि वरदा म्हणजे आमचीच वर्धा. मला हे उत्तर पटते आणि सुंदरही वाटते. ज्या नदीवर आम्ही बैल धुतो तिचा काठ हेच आमच्या मुलखाचे नाव आहे.

आणि कुऱ्हाड? एक मत असे की ही म्हण कापसाच्या तेजीची आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८७०मध्ये खास कापसासाठी खामगावपर्यंत लोहमार्ग नेण्यात आला. दुसरे मत असे की काळ्या जमिनीचा हा सुपीक मुलूख त्याच्या कितीतरी आधीपासून श्रीमंत गणला जात होता. निजाम आणि भोसले या दोघांची दोअमली, म्हणजे दुहेरी अंमल, इथल्या वसुलीसाठीच होती. मी दोन्ही मते मुलांना सांगतो, पण माझे स्वतःचे म्हणणे वेगळे आहे. ही म्हण यमकाने जन्माला घातली. 'वऱ्हाड' या शब्दाशी जुळणारा, शिवारात रोज हाताशी असणारा शब्द म्हणजे 'कुऱ्हाड', आणि ज्याने तो पहिल्यांदा जुळवला त्याच्या खांद्यावर तेव्हा कुऱ्हाड असण्याचीच शक्यता जास्त. तेजी, सुपीकता, वसूल हे सगळे त्या जुळणीत मागून भरले गेले. बैलपोळ्याला आमच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात तेव्हा एकाने ओळ टाकायची आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे यमक गाठून उत्तर द्यायचे, शेवटी सगळ्यांनी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' अशी आरोळी द्यायची. जिथे नांगर धरणारी माणसे उभ्या उभ्या अशी यमके गाठतात, तिथे म्हणीला वेगळा जन्मदाता शोधण्याचे मला कारण दिसत नाही.

संक्रांतीचा हिशेब मी आमच्या जुन्या गुरुजींनाही सांगितला. मला पानिपतची गोष्ट त्यांनीच दिली होती, तेव्हा तो त्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढे ओढली आणि पेन्सिलीने स्वतः १८६३मधून १७६१ वजा केले. खाली १०२ आकडा लिहून ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पानिपत त खरंच हाय ना, बापू. फक्त संक्रांत काढून घेतली तुनं." मी म्हणालो, "हो गुरुजी, पानिपत तसंच हाय. संक्रांत आजीले परत देली."

या वर्षी ग्रामपंचायतीच्या आवारात संक्रांतीच्या आदल्या दिवशी बायकांचा तिळगुळाचा कार्यक्रम होता आणि दरवर्षीप्रमाणे गुरुजींना चार शब्द बोलायला बोलावले होते. ते पिशवीतून पंचांग काढून उभे राहिले. पानिपतचे नाव त्यांनी काढले नाही. चष्मा लावून त्यांनी वाहन वाचले, उपवाहन वाचले, आणि वस्त्राच्या ओळीवर येतात तोच सतरंजीवर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "कोनीकडं पाह्यते, थे सांगा आधी."